यंत्रघरांतील वार्ता : भिंतीपुढचा पहारेकरी

जुन्या वाड्यांतील एखादें दार कायमचें बुजवितात. परंतु ‘उंबरा उंच आहे, जपून यावें’ ही त्यावरची पाटी काढावयाची मात्र कोणास सुचत नाहीं. संगणकाच्या पोटांतहि असेंच घडतें, हें ऐकून आमच्या वाचक भगिनींस व बंधूंस नवल वाटेल. म्हणून या महिन्यांत तीच हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली ‘लिनक्स’ ही कार्यप्रणाली आज असंख्य यंत्रांवर, किंबहुना आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनांतहि, नांदत आहे. तिच्या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात. इतर प्रोग्रॅमांना कांहीं हवें असल्यास त्यांनीं कर्नलपाशीं ठराविक दारांनींच यावें, अशी शिस्त आहे. या दारांना ‘सिस्टम कॉल’ ही संज्ञा. त्यांपैकीं एक दार ‘सिस्-सी-टी-एल’ या नांवाचें होतें. कर्नलच्या मांडणींतील एखादी किंमत पाहावयाची किंवा बदलावयाची असली कीं, प्रोग्रॅमानें तिचे सांकेतिक आकडे सांगत येथें यावें. हे आकडे निरनिराळ्या आवृत्त्यांत सारखे राहतील याची शाश्वती नसे. आणि तेंच काम ‘प्रोक’मधील, नांवानें ओळखतां येणाऱ्या फाइलींतून अधिक सुखानें होई.

दार बंद करावयाचें ठरलें, पण कसें? कर्नलमधील फेरफारानें चालता प्रोग्रॅम मोडतां कामा नये, हा टोरवाल्ड्स यांचा कडक दंडक. म्हणून २००८ च्या जानेवारींत निघालेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून तेथें इशारा बसविला. कोणी या दारानें आला, कीं त्या प्रोग्रॅमाचें नांव घेऊन ‘हा मार्ग त्याज्य आहे’ अशी नोंद कर्नलच्या रोजनाम्यांत व्हावी. पहारेकरी मोठा व्यवहारी! आरंभीं तो पांच वेळां ओरडून गप्प बसे. आणि केवळ कर्नलची आवृत्ति विचारणारास तो मुळींच हटकीत नसे, कारण घरोघर वापरांत असलेली ‘ग्लिब्‌सी’ ही लायब्ररीच ती चौकशी याच दारानें करीत असे.

बारा वर्षें हा पुकारा चालला. २०२० च्या जानेवारींत, ५.५ या आवृत्तींत, दारामागची खोलीच काढून टाकली. येणाऱ्यास आतां नकाराखेरीज कांहीं मिळणें शक्य नव्हतें. तरी इशाऱ्याचा मजकूर जागच्या जागीं. भिंत झाली, आणि तिच्यापुढें पहारेकरी उभा! त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत ५.९ या आवृत्तीनें त्यालाहि निरोप दिला. कारण असें सांगितलें, कीं इतकीं वर्षें बजावूनहि ज्यांनीं ना तक्रार केली ना आपला प्रोग्रॅम सुधारला, ते आतां सुधारतील असा संभव नाहीं. मग बजावण्यांत हंशील काय?

हा युक्तिवाद मला प्रथम कठोर वाटला. एखाद्या कारखान्यांतील जुन्या यंत्रावर, केव्हांच निवृत्त झालेल्या गृहस्थानें लिहिलेला प्रोग्रॅम चालत असेल. त्याचा रोजनामा कोणी उघडीतहि नसेल. तेथें तक्रार करावी कोणी? परंतु विचारान्तीं दिसतें, कीं त्याचें नुकसान व्हावयाचें तें खोली पाडली तेव्हांच झालें. उरलेला इशारा त्याला वांचवीत नव्हता. उलट निरनिराळ्या प्रोसेसरांच्या तक्त्यांतून ही नोंद सांभाळावी लागे, आणि नवख्या वाचकास वाटे, येथें अजून कांहीं काम चालतें. खोली पाडण्यापूर्वीं बारा वर्षें गेलीं नसतीं, तर मात्र मीं या मंडळींचा पक्ष घेतला नसता.

एक गोष्ट त्यांनीं जपली आहे. इंटेल व एएमडी यांच्या ६४ बिटी यंत्रांवर या दाराचा क्रमांक १५६ होता; तो दुसऱ्या कोणास दिलेला नाहीं. जुना प्रोग्रॅम चुकून तेथें येऊन ठोठावूं लागला, तरी तो भलत्याच घरांत शिरत नाहीं. ‘असा कॉल येथें नाहीं’ एवढें उत्तर त्यास मिळतें.