चष्मेवाटपाचे सोहळे पुरेत!

नगरसेवकाचा वाढदिवस असो, पक्षाचा वर्धापनदिन असो की एखाद्या मंडळाचे रौप्यमहोत्सवी वर्ष असो, महाराष्ट्रातील शहरांत एक कार्यक्रम हमखास ठरलेला असतो आणि तो म्हणजे ‘भव्य मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिर’. चौकाचौकांत फलक लागतात. फलकावर हसऱ्या चेहऱ्यांची इतकी दाटी असते की शिबिराची वेळ व स्थळ शोधण्यासाठीच चांगली दृष्टी लागावी! सकाळी मांडव, दुपारी भाषणे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि सायंकाळी मांडव उतरलेला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र आले की आयोजकांच्या दृष्टीने कार्य सिद्धीस गेले. वाटलेला चष्मा कोणाच्या डोळ्यांना लाभला आणि कोणाच्या घरात फळीवर धूळ खात पडला, याची विचारपूस करायला त्या वस्तीत पुन्हा कोणी फिरकत नाही.

राजकारण्यांवर टीका करणे सोपे असते. परंतु या सोहळ्यांत सेवाभावी संस्था आणि सामाजिक कार्यकर्तेही फारसे मागे नाहीत, हे कटू सत्य आधी मान्य केले पाहिजे. जुने चष्मे गोळा करण्याच्या मोहिमा सुशिक्षित वसाहतींतून उत्साहाने निघतात. एकाच्या डोळ्यासाठी घडवलेली काच दुसऱ्याच्या डोळ्याला क्वचितच जुळते. दोन्ही डोळ्यांचे क्रमांक, तिरकस क्रमांक, बाहुल्यांमधील अंतर, सारे निराळे. अडगळ आपल्या घरातून निघते आणि दानाचे पुण्यही पदरी पडते, एवढाच या व्यवहाराचा अर्थ. गरिबाच्या डोळ्यावर काहीही चालते, हे गृहीतक त्यामागे दडलेले आहे.

शिबिरांचे समर्थक म्हणतील, काहीच नसण्यापेक्षा हे बरे नव्हे काय? नाही, नेहमीच बरे नसते. काचबिंदू हा डोळ्याचा छुपा चोर आहे. तो दुखत नाही, लाल होत नाही, कडेची दृष्टी हळूहळू कुरतडत जातो आणि गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर होणारा परिणामही असाच निःशब्द. अशा रोग्याला गरज असते ती वर्षानुवर्षे नियमित तपासणीची. एका दिवसाच्या मांडवात त्याच्या हाती चष्मा ठेवला की ‘डोळे तपासून झाले’ असे समाधान मानून तो निर्धास्त होतो. आणि जेथे शिबिराच्या उत्साहात शस्त्रक्रियाही उरकल्या गेल्या, तेथे काय घडले? संत नामदेवांच्या वास्तव्याने पावन झालेल्या पंजाबातील घुमानमध्ये २०१५ च्या एप्रिलमध्ये मराठी साहित्य संमेलनाचा थाट झाला, हे मराठी वाचकांच्या स्मरणात आहे. त्याच घुमानमध्ये त्याआधी जेमतेम काही महिने, २०१४ च्या अखेरीस, मोतीबिंदूच्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेक गरिबांची दृष्टी कायमची गेली होती. संमेलनाच्या आठवणी निघतात, त्या रुग्णांच्या मात्र कोणी काढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. शहरात रुग्णालयांची काय वाण, खरी अडचण खेड्यात आहे, असे म्हटले जाते. नकाशा पाहून बोलणाऱ्यांना ते पटतेही. मुंबईत भायखळ्याला जे. जे. आहे, परळला के. ई. एम. आहे, शीवचे रुग्णालय आहे, नायर आहे. पण गोवंडीच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या आणि रोजंदारीवर शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहून हा नकाशा पाहावा. सरकारी बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो, म्हणजे नेमका कामाच्या वेळी. केसपेपरची रांग, मग तपासणीची रांग. बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यांत थेंब घातले की पुढचे काही तास जवळचे दिसत नाही, म्हणजे त्या दिवशी सुई हातात धरता येत नाही. मोतीबिंदू निघाला तर रक्ताच्या व साखरेच्या तपासणीसाठी एक दिवस, तारीख घेण्यासाठी एक, शस्त्रक्रियेचा एक, नंतर दाखवायला जाण्याचे आणखी दोन-तीन. सोबत मुलगा किंवा सून हवीच, म्हणजे दुप्पट रोज बुडाला. उपचार मोफत आहेत खरे. परंतु ते ‘मोफत’ पदरात पडेपर्यंत महिन्याचे भाडे थकते. मग तो माणूस काय करतो? तो दिवा जवळ ओढतो, कापड डोळ्यांपाशी नेतो आणि शेवटी कमी मजुरीचे, जाड टाक्याचे काम घेतो. त्याचे अंधत्व कोणत्याही सरकारी नोंदीत येत नाही.

नोंदींचा विषय निघालाच आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याने मोठे काम केले, हे निर्विवाद आहे. २००६-०७ मध्ये १ टक्का असलेले अंधत्वाचे प्रमाण २०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ०.३६ टक्क्यांवर आले. अभिनंदनाचे ठराव करण्यापूर्वी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मधल्या काळात अंधत्वाची व्याख्याच बदलली. निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारी वस्तू ज्याला सहा मीटरवरूनही दिसत नाही तो पूर्वी अंध मानला जाई. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार ही मर्यादा तीन मीटर झाली. म्हणजे दोन आकडे एका तागडीत तोललेले नाहीत. त्याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे अंध असल्याचे आढळले. म्हणजे ज्याचा उपाय पाऊण तासाच्या आत होतो, त्याच विकाराचे हे बळी! आणि चाळिशीनंतर जवळचे न दिसणारा शिंपी, सोनार, जरीकाम करणारी गृहिणी, नाणी चाचपडणारा भाजीवाला, हे तर या हिशेबात कुठेच नाहीत.

चाळिशीच्या साध्या चष्म्याचे मोल काय असते, हे आसामच्या चहामळ्यांत शास्त्रीय पद्धतीने मोजले गेले आहे. चाळीस व त्यावरील वयाच्या मजुरांना जवळचे पाहण्याचे चष्मे दिल्यावर त्यांची पानखुडणी चष्मा नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे २१ टक्क्यांनी अधिक वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एवढी उत्पादकता वाढवणारे दुसरे कोणते यंत्र एवढ्या स्वस्तात मिळते? तरीही २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. बाह्यरुग्ण तपासणी व चष्मा त्यात बसत नाही. चष्म्यावर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो ५ टक्क्यांवर यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. उशिरा सुचलेले शहाणपण म्हणून त्याचे स्वागतच आहे.

मग मार्ग कोणता? तो परदेशी निधीच्या अहवालांतून शोधण्याची आवश्यकता नाही. तो मदुराईत आहे. शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले, संधिवाताने बोटे वाकडी झालेले डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांचे रुग्णालय काढले आणि योगी अरविंदांचे नाव त्याला दिले. तेथे दान मागून दान वाटण्याची रीत ठेवली गेली नाही. ज्याला परवडते त्याने पैसे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्याने अत्यल्प द्यावेत किंवा देऊ नयेत, आणि कोण कोणत्या गटात हे रुग्णानेच ठरवावे. दारिद्र्याचा दाखला कोणी मागत नाही. हे जमते ते कामाच्या शिस्तीमुळे. शल्यक फक्त शस्त्रक्रियाच करतो. तपासणी, पूर्वतयारी, समुपदेशन खेड्यांतून आलेल्या प्रशिक्षित मुली करतात. एका टेबलावरील रुग्ण संपताच शेजारच्या टेबलावरील रुग्ण तयार असतो. डॉक्टरचा क्षण वाया जात नाही, म्हणून खर्च उतरतो.

त्याहून बोधप्रद आहे ती भिंगाची कथा. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग पूर्वी आयात होई आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. विकसनशील देशांना हे भिंग परवडणारे नाही, त्यांनी शस्त्रक्रियेनंतर जाड काचांचे चष्मेच वापरावेत, असे मत अनेक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गंभीरपणे मांडत. १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब उभी राहिली आणि जे भिंग शंभर डॉलरच्या घरात होते ते दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले, पुढे आणखी स्वस्त झाले. स्वदेशीवर परिसंवाद पुष्कळ झडतात. या भिंगाने परिसंवादाशिवाय ते सिद्ध केले.

याच संस्थेने छोट्या गावांत शंभराहून अधिक दृष्टिकेंद्रे उभारली. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, डोळा तपासण्याचे सूक्ष्मदर्शक, चष्म्याची सोय आणि दूरसंवादाने मुख्य रुग्णालयातील डॉक्टर. दर्यागंजच्या श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयाने दिल्लीच्या गरीब वस्त्यांतही अशी केंद्रे चालवून दाखवली आहेत. मग मुंबई, पुणे, नाशिकच्या सेवावस्त्यांना मांडवच का? २०२२ पासून मुंबईत ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, २०२१ च्या कायद्याने नेत्रपरीक्षक, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट, हा मान्यताप्राप्त आरोग्य व्यावसायिक ठरला. या दोन गोष्टींची गाठ घालण्याचे काम महापालिकांनी प्राधान्याने करायला हवे. मात्र वेळ सकाळची नको. सायंकाळी सात ते दहा आणि रविवार, तरच रोज न बुडता माणूस येईल. आणि चष्म्याला किंमत असावी, शंभर-दीडशे रुपये का होईना. पैसे मोजणारा माणूस क्रमांक चुकला तर परत येऊन जाब विचारतो. फुकट मिळालेल्याला तो हक्क वाटत नाही.

प्रश्न मध्यमवर्गालाही विचारला पाहिजे. आई-वडिलांच्या मोतीबिंदूसाठी विम्याच्या भरवशावर चकचकीत रुग्णालय गाठणाऱ्या कुटुंबाने ती शस्त्रक्रिया गरिबांवर अल्पदरात उपचार करणाऱ्या विश्वस्त रुग्णालयात करून घेतली, तर तेच पैसे कोणा अनोळखी मावशींच्या डोळ्यापर्यंत पोहोचतात. मदुराईचा गाडा असाच चालतो. चेन्नई-कोइमतूरच्या सधन कुटुंबांना जे कमीपणाचे वाटत नाही, ते दादर-डोंबिवली-कोथरूडला का वाटावे?

राहिला जागेचा प्रश्न. वस्तीत जागा मिळत नाही, ही सबब प्रत्येक बैठकीत ऐकू येते. जवळपास प्रत्येक वस्तीत गणेशोत्सव मंडळाची एक खोली असते. विजेची जोडणी असते, दोन बाके असतात आणि वर्षातील साडेतीनशे दिवस तिला कुलूप असते. दृष्टी तपासण्याचा तक्ता वीस फुटांवर लावावा लागतो खरा. पण खोली दहा फुटांची असली तरी समोरच्या भिंतीला आरसा लावला की तेवढे अंतर मिळते. किल्ली मंडळाच्या अध्यक्षांकडे असते.