वाऱ्यावर गेलेले बोल

चार वर्षांपूर्वीची भाऊबीज. कर्वेनगरातल्या आमच्या गच्चीवर मी आईला खुर्चीत बसवले, दहा फुटांवरून मोबाइलचा कॅमेरा रोखला आणि म्हटले, "आई, सांग तुझ्या लहानपणचे." आई अर्धा तास बोलली. पुढच्या दिवाळीला ती नव्हती. चित्रण लावले तेव्हा तिचे हसणे दिसले, पदराचा काठही दिसला. ऐकू आला तो मात्र वारा!

"महागातला कॅमेरा घ्यायला हवा होता," आमची सौ. हळहळली.

पण वाचकहो, दोष कॅमेऱ्याचा नव्हता. माझ्या दहा फुटांचा होता. अंतर दुप्पट झाले की पोहोचणाऱ्या आवाजाचे बळ चौथाई उरते. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. डोळ्याला लांबून भागते, कानाला जवळ जावे लागते. आणि ती घरघर? वारा माइकच्या नाजूक पडद्यावर थेट आदळतो, त्याचा तो आवाज. माइकला टोपी घातली की वारा तिच्यात अडखळतो, शब्द पार होतात.

ही विवंचना बोलपटाइतकीच जुनी आहे. 14 मार्च 1931 रोजी झळकलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. मुंबईतल्या त्या स्टुडिओशेजारून आगगाड्या धडधडत जात. म्हणून अर्देशीर इराणींनी तो बराचसा रात्री, गाड्या थंडावल्यावर चित्रित केला. माइक लपवायचे तेही नटांच्या आसपासच! जवळीक आणि शांत वेळ, या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत.

यंदा मावशी आली होती. वय ऐंशीच्या घरात. शिक्षण हिंगण्याला. अण्णा कर्व्यांनी 1900 साली जिथे झोपडी बांधून आश्रम नेला, तेच हे हिंगणे. आमच्या कर्वेनगराला नाव त्यांचेच. तिच्या आठवणी वाऱ्यावर सोडायच्या नव्हत्या.

पहाटे सहाला, रस्ता जागा होण्यापूर्वी, गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला तिला बसवले. घरातला जुना मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून तिच्या मांडीवर ठेवला. त्याला वायरचा जुना इअरफोन जोडला आणि त्यावरचा इवलासा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर पदराला टाचला. त्यावर स्पंजाचा तुकडा, आणि वर मुलीच्या जुन्या लोकरी मोज्याचे टोक. "ही कसली रे कानटोपी?" मावशीने विचारले. मिनिटभर बोलायला लावून मी आधी ऐकून पाहिले. पदर माइकवर घासत होता, तो सारखा केला. मग दोन्ही मोबाइल सुरू करून समोर एक जोरदार टाळी वाजवली. चित्रातली टाळी आणि जुन्या मोबाइलमधली टाळी मागाहून जुळवली की ओठ आणि शब्द जुळतात. सिनेमावाल्यांची पाटी याचसाठी आपटते.

खर्च? शून्य रुपये. नवा कॉलर-माइक घ्यावा असे सौ.लाही मग वाटले नाही.

संध्याकाळी फराळाच्या वेळी सगळ्यांना चित्रण दाखवले. शब्दन्‌शब्द स्वच्छ, मागे कुठेतरी भारद्वाजाचा घुमारा. मावशी स्वतःचा आवाज प्रथमच असा ऐकत होती. चकलीचा हात तसाच राहिला.

"अगबाई," ती हळूच म्हणाली, "हा तर ताईचा आवाज!"

मी चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावले.