खिशातली पुडी

माझा बाप दवाखान्यात खोटं बोलत होता. दोन वर्षं. डॉक्टर विचारायचा, "दुसरं काही औषध घेतोस का रे?" बाप म्हणायचा, "नाय सायेब." आणि पुडी सदऱ्याच्या खिशात.

बापाचे गुडघे गेलेले. जन्मभर गोदीत ओझी वाहिली, जाणारच. स्टेशनच्या पुलाखाली बसणाऱ्या माणसानं भुकटी दिली, मधातनं चाटायची. तिसऱ्या दिवशी बाप चाळीचा जिना उतरून चहाला गेला. आई रडायचीच बाकी होती. पुढं बापाचं तोंड गोल गोल सुजलं. शेजारी म्हणाले, तब्येत सुधारली. साखर वाढली. दवाखान्यात गोळी वाढवली, परत वाढवली. डॉक्टर खेकसला, "पथ्य पाळत नाही तुम्ही लोक." हे 'तुम्ही लोक' काय असतं ते आपल्याला समजावून सांगायला नको.

मग पुडीवाला गावी गेला. पुडी बंद. चार दिवसांत बाप उलट्या करत करत गार पडला. रात्री वॉर्डातल्या नर्सबाईनं आईला बाजूला घेतलं. म्हणाली, "मावशी, घरचं काय देत होता ते सांगा. कुणी रागावणार नाही." आईनं पदराची गाठ सोडली. शेवटची रिकामी पुडी तिनं बांधून ठेवली होती.

भुकटीत स्टेरॉइड. दुखणं थांबतं ते त्यानंच, तोंड सुजतं आणि साखर चढते तीही त्यानंच. बाहेरून रोज मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. एकदम तोडलं की रक्तदाब कोसळतो, माणूस जातोसुद्धा. बाप वाचला, कारण एका बाईनं न खेकसता विचारलं.

बापाला मी नंतर शिव्या घातल्या. का लपवलंस? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, पहिल्यांदा दाखवली होती पुडी. तेव्हाच्या डॉक्टरनं ती चिमटीत धरून शिकाऊ पोरांना दाखवली. "हे बघा यांचं मेडिकल सायन्स." पोरं हसली. बापानं पुडी खिशात घातली ती घातलीच.

आता सांगा, हे अज्ञान? पांढरपेशे लेख लिहितात, गरीब लोक अडाणी, जडीबुटीच्या नादी लागतात. साला, त्यांच्या घरी उकळतो तो काढा परंपरा, आमच्या घरी उकळतो ती अंधश्रद्धा! त्यांचा वैद्य एसीत बसतो, आमचा पुलाखाली, एवढाच काय तो फरक. आणि त्यांचाही पेशंट डॉक्टरपासून लपवतो बरं का. फक्त त्याला कुणी चिमटीत धरून दाखवत नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त काठियावाडातली १९२९ सालची एक हकीकत दिलीय. अस्पृश्य मास्तरची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. दोन रुपये फीला नगरशेट जामीन राहिला तेव्हा डॉक्टर आला, तोही वस्तीबाहेर. त्यानं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच वाटेनं परत. हात न लावता न्यूमोनिया ठरवला. बाई मेली. आज आमच्या दवाखान्यात थर्मामीटर असा फिरत नाही, कबूल. पण बापाच्या गुडघ्याला दोन वर्षांत कुणी हात लावला? पुलाखालच्या माणसानं लावला. दाबून बघितला, कधीपासून दुखतो ते विचारलं. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यासाठी अख्ख्या दिवसाचा खाडा. डॉक्टर पोरगीही रात्रभर जागलेली असते, तेही दिसतं आम्हाला.

म्हणून पुडीवाल्याला ओवाळायचं का? अजिबात नाही. त्यानं माझ्या बापाला मारायला काढला होता. आणि तो एकटा नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद वाचून बघा. 'साइड इफेक्ट नाही' म्हणे. अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, २००८ साली ते छापून आलं. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक.

कोरोनात २०२० ला गुलवेल घरोघर उकळली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा पेशंट नोंदवले, गुलवेल घेऊन लिव्हर बिघडलेले. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. भांडू देत. पण भांडायला ही नोंद आली कुठून? पेशंट बोलले आणि डॉक्टरनं लिहून घेतलं. आपल्या वस्तीत असे किती असतील? ते बोललेच नाहीत, म्हणजे ते नाहीतच.

दोस्तांनो, म्हातारीला दवाखान्यात एकटी पाठवू नका. घरात चालू असेल ते सगळं पिशवीत घाला. पुडी, काढा, तेल, बाटली. ज्येष्ठमध साधा वाटतो, रोज खाल्ला तर रक्तदाब वाढवतो. अंगारा कपाळाला लावलेला असू दे, पोटात घेतला असेल तर सांगा. डॉक्टर हसला तर तिथंच विचारा, हसलात का? आणि कुठलंही चालू औषध आपल्या मनानं तोडू नका, पुडीसुद्धा.

गेल्या गुरुवारी बापाबरोबर गेलो. डॉक्टर नवीन. बापानं कारल्याच्या पावडरची बरणी टेबलावर ठेवली. "सायेब, हे बी घेतो." डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. त्यानं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बरणी उचलली, लेबल वाचलं. म्हणाला, "साखरेच्या गोळीबरोबर हे घेऊन साखर फार उतरेल. चक्कर येते का?" बाप म्हणाला, येते. डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं. मागची रांग ओरडायला लागली होती.

बाप उठेना. पाय पुढं करून म्हणाला, "आता गुडघा बी बघा की."