मातुशेकच्या दुकानातला नाताळ

नाताळच्या आठवड्यात जुने, सौम्य प्रकृतीचे चित्रपट पाहावेत असे कोणी सुचविले, की ‘त्या गुळमट गोष्टींत आहे काय?’ असा शेरा मारणारे रसिक हटकून भेटतात, आणि अशा रसिकांपुढे मी अर्न्स्ट ल्युबिचचा १९४० सालचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ ठेवीत असतो.

बुडापेस्टमधील मातुशेक यांचे चामडी जिनसांचे दुकान, तेथील मोजकी नोकरमंडळी, आणि दिवसभर परस्परांशी हुज्जत घालणारे, परंतु निनावी पत्रांतून, पलीकडचा कोण याची गंधवार्ता नसताना, एकमेकांवर अनुरक्त झालेले क्रालिक व क्लारा, एवढ्यावर ही कथा उभी आहे. तिच्या मुळाशी मात्र नोकरी जाण्याचे भय आहे. मालक स्पष्ट अभिप्राय विचारू लागले, की कुटुंबवत्सल पिरोविच जिना चढून दिसेनासा होतो. प्रामाणिकपणे बोलणारा क्रालिक, मालकाच्या पत्नीशी त्याचे संबंध असल्याच्या खोट्या संशयापायी, ऐन नाताळाच्या तोंडावर बडतर्फ होतो. आणि खरा अपराधी उघडकीस येताच खुद्द मातुशेक जीव देऊ पाहतात. बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा असलेल्या ल्युबिचला दुकानातले हे अदृश्य ताबेदारीचे जग घरचेच होते. पत्राच्या आशेने टपालाच्या खणात शिरलेला, रिकाम्या जागेत चाचपडणारा क्लाराचा हातमोजा घातलेला हात त्याने खणाच्या आतल्या बाजूने दाखविला आहे. तिच्या निराशेवर त्याला एक शब्दही खर्चावा लागला नाही.

नाताळच्या संध्याकाळी, बर्फ पडत असता, दुकानाबाहेर उभे राहून मातुशेक एकेका नोकराला आज कोठे जेवणार असे, आपल्या एकटेपणाचा सुगावा लागू न देता, विचारतात. प्रत्येकाला घर असते. शेवटी नवा पोऱ्या रूडी, ज्याचे या शहरात कोणी नाही, तो निघतो, आणि भाजलेला हंस, काकडीची कोशिंबीर असे पदार्थ मोजीत मालक त्याला जेवायला घेऊन जातात. दुःख वगळून आलेली ही सौम्यता नव्हे. ती दुःखितांशी वागण्याची रीत आहे, आणि ती गुळमट म्हणणाऱ्यांनी चित्रपट अर्धवट पाहिला असावा, असा माझा वहीम आहे.

१९९८ साली याच कथेवरून ‘यू’व्ह गॉट मेल’ निघाला. त्यात दुकान बुडते खरे, पण नायिकेला उद्याच्या भाकरीची विवंचना पडलेली दिसत नाही. पाहायचाच असेल, तर मूळचा पाहावा.