नानांची मोजणी

दिवाळीत माणसाने आपल्या घरी असावे, असे आमच्या घरचे जुने मत. पण गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी ते एका वाक्यात उडवून लावले. ‘‘बाबा, टिहरीच्या गोष्टी ऐकून आमचे कान किटले. एकदा ती टिहरी दाखवाच!’’

टिहरी दाखवणे आता कोणाच्याच हाती नाही, हे मी त्याला सांगणार, तोच झोपाळ्यावरून आमचे नाना म्हणाले, ‘‘मीही येतो.’’ आम्ही सगळे गप्प झालो. नाना त्र्याऐंशी वर्षांचे. शिवाय टिहरीचा विषय निघाला, की ते उठून आत जात, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

नाना सरकारी मोजणीदार. 1979 साली त्यांची बदली गढवालातल्या टिहरीला झाली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमावरचे ते गाव राजा सुदर्शन शाहने 1815 साली वसवलेले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली, म्हणून 1897 साली बांधलेले घंटाघर हा गावाचा मानबिंदू. पानात गुंडाळलेली खव्याची सिंगोरी हा माझा!

सुटीच्या दिवशी नाना मला डोंगरावर नेत. त्यांच्या दुर्बिणीवर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरायची, हे माझे काम. ते आकडे टिपत आणि गडी दगडावर पांढरी खूण करी. धरण भरले, की पाणी कोठवर येईल, त्याची ती खूण. घंटाघराच्याही कितीतरी वर!

आमच्या घरमालकिणीला आम्ही तिकडच्या रीतीने ‘बोडी’, म्हणजे मोठी काकू, म्हणत असू. एकदा अंगणात गहू पाखडता पाखडता तिने त्या खुणेकडे बोट दाखवून नानांना विचारले, ‘‘साहेब, पाणी कधी एवढं उंच चढतं का?’’ नाना क्षणभर घुटमळले आणि हसून म्हणाले, ‘‘माझी मोजणी चुकलीही असेल, बोडी.’’ बोडीला तेवढे पुरले. पुढच्याच वर्षी तिने साठवलेल्या पैशांतून घरावर माडी चढवली. आमची बदली झाली, तेव्हा तिने आम्हांला त्या माडीवर बसवून जेवू घातले. नानांना घास उतरेना, हे मला आज आठवते. तेव्हा वाटले, त्यांचे पोट बिघडले असेल.

देहराडूनहून गाडी घेतली. सौभाग्यवतींनी चिवड्याचे आणि चकल्यांचे डबे भरले होते. मसुरी मागे पडली, धनौल्टीचे देवदार आले. हवेत तोच वास, पलीकडे तीच बर्फाची शिखरे. लहानपणी हृषीकेशहून नरेंद्रनगरमार्गे चढणाऱ्या बसमध्ये आई माझ्या नाकाशी लिंबू धरून बसे, ते मी मुलांना सांगितले. चंबा ओलांडले, वळणावळणांनी उतरलो आणि एका वळणाशी मुले एकदम ओरडली, ‘‘अय्या, काय सुंदर!’’

खाली डोंगरांच्या कुशीत निळेहिरवे पाणी पसरले होते. 29 ऑक्टोबर 2005 रोजी धरणाचा शेवटचा बोगदा बंद झाला आणि पाणी चढू लागले. 260.5 मीटर उंचीच्या त्या बांधामागे आज पर्यटकांच्या होड्या फिरतात. तिथली वीज घराघरांत जाते, तिथले पाणी दिल्लीच्या नळाला येते. ते खोटे नाही. आणि ते पाणी सुंदर दिसत होते, हेही खोटे नाही. मला मात्र ‘सुंदर’ म्हणायची लाज वाटली.

काठावर उतरलो. नानांनी नातवाला जवळ बोलावले. ‘‘तुझ्या त्या फोनवर उंची कळते म्हणतोस ना? बघ बरं.’’

‘‘830 मीटरच्या आसपास आहे, आजोबा.’’

नाना कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘मोजणी बरोबर आली रे. उभ्या आयुष्यात ही एकच चुकावी, असं वाटत होतं.’’

वर नव्या टिहरीत एका मिठाईवाल्याकडे मी सिंगोरी घेतली आणि बोडीच्या घराची चौकशी केली. ती मंडळी हरिद्वारकडे सपाटीवर गेली, एवढेच त्याला ठाऊक होते. बोडी गेली, की तिला नेले, ते त्याने सांगितले नाही आणि विचारायचे धैर्य मला झाले नाही.

तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. संध्याकाळी आम्ही पुन्हा काठावर आलो. सौभाग्यवतींनी पिशवीतून पणती काढली आणि पाण्यालगतच्या दगडावर ठेवून लावली. नाना काठी टेकत पुढे आले.

‘‘सूनबाई, इथं नको,’’ ते म्हणाले, ‘‘इथं पाणी येईल. वर ठेव.’’

पंचेचाळीस वर्षांपूर्वी अंगणात जे सांगायचे राहून गेले होते, ते नानांनी त्या दिवशी सांगितले. पणती वर नेऊन ठेवली. ती बराच वेळ तेवत होती.