कुलूपबंद घरांचा जिल्हा

निवाऱ्यास पारख्या झालेल्या मनुष्यास काय म्हणावे, याचा विचार इंग्रजी भाषा निदान दोनशे वर्षे करीत आली आहे. इंग्लंडमधील 1824 च्या कायद्याने उघड्यावर निजणारा दरिद्री मनुष्य ‘व्हॅगाबाँड’ या सदरात जाऊन शिक्षेस पात्र ठरला. अमेरिकेत मालगाड्यांतून कामाच्या शोधार्थ हिंडणाऱ्या मजुरास ‘होबो’ आणि काम न करता हिंडणाऱ्यास ‘ट्रॅम्प’ अशी नावे पडली. पुढे ‘होमलेस’ हा शब्द रूढ झाला आणि 1977 साली ब्रिटनने गरजू बेघर कुटुंबांच्या निवाऱ्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. दप्तरात ज्या नावाने नोंद होते, त्या नावाप्रमाणे मनुष्याच्या वाट्यास दंड तरी येतो किंवा छप्पर तरी येते. आमच्या बीड जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड कामगारांसाठी मात्र दप्तराजवळ असे नावच नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून, पर्जन्यछायेतील कोरडवाहू जमिनीने पोट भरत नाही म्हणून, मुकादमाची आगाऊ उचल अंगावर घेतलेली जोडपी, ज्यांस व्यवहारात एक ‘कोयता’ म्हणून मोजले जाते, लेकराबाळांसह कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि थेट कर्नाटकातील बेळगावकडे निघून जातात. दारांना कुलपे लागतात आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे. जुन्या महसुली परिभाषेत वस्ती उठलेल्या गावास बेचिराख म्हणत. हंगामाचे चार-सहा महिने आमच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर जवळजवळ तीच अवकळा येते.

तिकडे कारखान्याच्या तळावर किंवा उसाच्या फडाच्या कडेला कोपी उभी राहते. बांबू, पाचट आणि ताडपत्री यांच्या त्या खोपटात वाकूनच शिरावे लागते. अवकाळी पाऊस आला की चूल विझते आणि अंथरूण भिजते. शौचालय नाही आणि आडोसा म्हणजे काय ते एक जुने लुगडे, त्यामुळे बायकांना उजाडण्यापूर्वीच सर्व विधी उरकून फडाची वाट धरावी लागते. तान्ही मुले मोळ्यांच्या सावलीत निजतात. या निवाऱ्यास घर म्हणण्याचे धाडस ज्यास होईल, त्याने तेथे एक रात्र काढावी.

2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची गणना झाली आणि देशात असे सुमारे 17 लाख 70 हजार लोक आढळले. ती रात्र ऐन गाळप हंगामातील होती. परंतु जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याची कड, पदपथ, पुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट, देवळांचे मंडप यांचा उल्लेख आहे, कोपीचा नाही. निवाऱ्याची सरकारी योजना आहे, ती ‘शहरी’ बेघरांसाठी. आणि गावच्या ग्रामपंचायतीत नमुना आठवर घराची नोंद असल्यामुळे तेथेही हा ऊसतोड कामगार बेघर ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्यांचे गावी स्वतःचे घर आहे, जे अभिमानाने आपले गाव सांगतात, त्यांस बेघर म्हणणे हा त्यांच्या स्वाभिमानाचा उपमर्द होय. हा आक्षेप मला मान्य आहे. इंग्रजीतही अलीकडे मनुष्यास बेघर न म्हणता बेघरपणाच्या अवस्थेतून जाणारी व्यक्ती म्हणण्याचा प्रघात पडत आहे, तो याच जाणिवेतून. आपणही माणसावर शिक्का मारू नये. परंतु त्याच्या त्या चार-सहा महिन्यांची नोंद अवश्य करावी. हंगामी वसतिगृहे निघाली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याण महामंडळ स्थापन झाले, हे स्वागतार्हच आहे. पण वसतिगृह मुलांचे, आणि त्यांचे आईबाप कोपीतच राहिले.

साखर आयुक्तांच्या गाळप परवान्यावाचून राज्यातील कोणत्याही कारखान्यास नियमानुसार गाळप करता येत नाही, आणि तो परवाना देताना शेतकऱ्यांच्या ऊसबिलांच्या थकबाकीची विचारणा होते. त्याच अर्जात आणखी एक रकाना असावा: तोडणीस येणाऱ्या किती कुटुंबांसाठी पक्के छप्पर, पाणी आणि शौचालय तयार आहे? हा रकाना रिकामा असेल, तर परवाना मिळू नये.