२,०४१ मतं आणि एका स्टेशनचं अंतर

परवा लोकलमध्ये ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, "अरे, माझ्या एका मताने काय घंटा फरक पडतो?" बाकीचे हसले. मी गप्प बसलो. कारण हेच वाक्य मी स्वतः २०१४ साली म्हटलं होतं, तेही अगदी आत्मविश्वासाने.

तर झालं असं होतं. लग्नानंतर मी बदलापूरला फ्लॅट घेतला, पण यादीत नाव राहिलं अंबरनाथलाच. १५ ऑक्टोबर २०१४, बुधवार, मतदानाची सुट्टी. अंबरनाथ म्हणजे एक स्टेशन, जेमतेम दहा मिनिटं. आधी चहा झाला, मग टीव्ही, मग जेवण, मग "ऊन फार आहे रे". चार वाजता चक्क झोपलो.

युती आणि आघाडी दोन्ही तुटल्यामुळे त्या वर्षी सगळेच एकमेकांविरुद्ध लढत होते. चार दिवसांनी निकाल लागला. अंबरनाथमध्ये शिवसेनेचे बालाजी किणीकर ४७,०००, भाजपचे राजेश वानखेडे ४४,९५९. फरक २,०४१. शेजारच्या उल्हासनगरमध्ये राष्ट्रवादीच्या ज्योती कलानींनी भाजपच्या कुमार आयलानींना हरवलं, फक्त १,८६३ मतांनी. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची लोकल साडेचार हजारांच्या आसपास माणसं कोंबून नेते. म्हणजे दोन्ही आमदार अर्ध्या लोकलने ठरले. आणि मतदान दोन्हीकडे निम्म्याहून कमी!

उल्हासनगरची गंमत पुढे आहे. २०१९ ला तेच दोघं समोरासमोर. आयलानी ४३,६६६, कलानी ४१,६६२, फरक २,००४. पाच वर्षांत एकाची सतराशे-अठराशे मतं वाढली, दुसरीची एकवीसशे कमी झाली आणि आमदार बदलला. तेव्हाही निम्म्याहून जास्त मतदार घरी. मतदान सोमवारी होतं, त्यामुळे शनिवार-रविवार जोडून कितीजण लोणावळ्याला गेले असतील ते देव जाणे.

आता माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, हिशोब नीट कर. मी गेलो असतो तर फरक २,०४० झाला असता किंवा २,०४२. आमदार तोच राहिला असता. म्हणजे मित्राचं बरोबरच आहे की! शिवाय चुरस दर वेळी नसतेच. २०२४ ला किणीकर (आता शिंदेंच्या शिवसेनेत) आणि वानखेडे (आता ठाकरेंच्या) पुन्हा लढले आणि फरक पन्नास हजारांवर गेला. उल्हासनगरमध्येही आयलानी तीस हजारांनी आले. मग "तुमचं एक मत अमूल्य आहे" हे प्रवचन कुणाला पटणार?

मला वाटतं, आपला प्रश्नच चुकतोय. कोण निवडून येतं यापुरतंच मत नसतं. निकालानंतर फॉर्म २० नावाचा कागद निघतो, त्यात प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं पडली ते असतं. आपण मत कुणाला दिलं हे गुप्त, पण आलो की नाही हे गुप्त नाही. बूथवर बसलेली पोरं यादीवर टिक करत असतात. कुठली वस्ती येते आणि कुठली सोसायटी झोपते हे पक्षांना पाठ असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही लॉग फाईल आहे. लॉगमध्ये एंट्रीच नसेल, तर तुमचा बग कोण बघणार?

"सगळे सारखेच" म्हणून न जाण्याला आपण निषेध समजतो. पण घरी बसलेला चिडलेला माणूस आणि घरी झोपलेला माणूस यादीत अगदी सारखेच दिसतात. निषेधच करायचा तर २०१३ पासून नोटाचं बटण आहे, ते निदान मोजलं तरी जातं.

आणि आमच्या बदलापूरचं दुखणं वेगळंच. इथले कितीतरी जण राहतात इथे, पण नाव डोंबिवलीला, नाहीतर गावाला. पाणी, रस्ते, लोकलची गर्दी, सगळ्यावर सोसायटीच्या ग्रुपवर रोज बोंब. पण मुरबाड मतदारसंघाच्या (हो, बदलापूर त्यात येतं!) यादीत आम्ही नाहीच. मग आमच्याकडे कोण फिरकणार?

मी नाव बदलून घ्यायला त्यानंतरही तीन वर्षं लावली, त्यामुळे शहाणपणा शिकवायचा हक्क मला फारसा नाही. पण फॉर्म ८ ऑनलाईन भरता येतो आणि त्याला एका लोकलचा प्रवासही लागत नाही. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "बघू रे, वीकेंडला."

आज शनिवार आहे. मी त्याला फोन लावतोय.